'मस्ट', 'शुड' आणि मधली फट : ओसीआयचं मानक वाचताना

संशोधनाकडे वळणारे बरेच जण विचारतात, ओपन सोर्समध्ये योगदान द्यायचं तर सुरुवात कुठून करायची? उत्तर ठरलेलं असतं: एखादा बग शोध, कोड लिही. आज कोड बाजूला ठेवू. एक दस्तऐवज वाचू, आणि तो आपण जर्नल क्लबमध्ये एखादा पेपर वाचतो तसा, शंका घेत घेत वाचू. दस्तऐवज आहे ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह, म्हणजे ओसीआयचं मानक.

ज्यांनी कंटेनर वापरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या, हे सगळं एका गाठोड्यात बांधायचं आणि दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं उघडायचं. कर्नल मात्र त्या दुसऱ्या मशीनचाच. या गाठोड्याला इमेज म्हणतात. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पद्धत सगळीकडे पसरली. डिसेंबर २०१४ मध्ये कोअरओएसने स्वतःचं रॉकेट आणि सोबत वेगळा मसुदा आणला. म्हणजे दोन तऱ्हेची गाठोडी होण्याची वेळ आली होती. जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली हे सगळे एकत्र बसले, डॉकरने आपला रनसी हा भाग देऊन टाकला, आणि ओसीआय सुरू झालं. गाठोडं चालवायचं कसं आणि त्याची रचना कशी असावी, या दोन मानकांची १.० आवृत्ती जुलै २०१७ मध्ये आली. गाठोडं पोचवायचं कसं, याच्या मानकाची १.० आवृत्ती यायला मे २०२१ उजाडलं.

माझं पहिलं मत चांगलं आहे: या मानकाने स्वतःला आखूड ठेवलं. चालवण्याच्या मानकात मोजून पाच क्रिया आहेत: स्थिती विचारणं, तयार करणं, सुरू करणं, सिग्नल पाठवणं, काढून टाकणं. चालू कंटेनरमध्ये घुसून दुसरी आज्ञा चालवणं आपण रोज करतो, पण ते या पाचांत नाही. रनसीमध्ये ती सोय आहे, मानकात नाही. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे तेवढंच लिहायचं, हा संयम समितीने लिहिलेल्या कागदात क्वचित दिसतो.

आता खटकणारी गोष्ट. तिच्यावर जरा थांबू, कारण मानक म्हणजे काय हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही ट्युटोरियलमधून कळत नाही.

प्रत्येक इमेजला एक डायजेस्ट असतो, बहुतेकदा एसएचए-२५६ हॅश. एक बाइट बदलला तरी डायजेस्ट बदलतो. डायजेस्ट तोच तर इमेज तीच, हे ओसीआयचं मुख्य वचन. इमेजचं वर्णन एका जेसन फाइलमध्ये असतं, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. त्यात थरांची यादी असते. दुसऱ्या तऱ्हेची जेसन फाइल म्हणजे इंडेक्स. त्यात अनेक मॅनिफेस्टची यादी असते, इंटेलसाठी एक, आर्मसाठी एक, अशी. फाइल मॅनिफेस्ट आहे की इंडेक्स, हे सांगणारी जागा फाइलच्या आतही होती, पण ती भरण्याची सक्ती नव्हती. रजिस्ट्री फाइल पाठवताना एचटीटीपीच्या हेडरमध्ये प्रकार सांगते, तेवढं पुरे, असा हिशेब.

मग कुणीतरी एकाच फाइलमध्ये थरांची यादीही घातली आणि मॅनिफेस्टची यादीही घातली, तर? हेडर बदललं की तीच फाइल एका क्लायंटला मॅनिफेस्ट दिसेल आणि दुसऱ्याला इंडेक्स. बाइट तेच, डायजेस्ट तोच, अर्थ दोन. नोव्हेंबर २०२१ मध्ये ही फट सीव्हीई-२०२१-४११९० या क्रमांकाने जाहीर झाली आणि इमेज मानकाची १.०.२ व वितरण मानकाची १.०.१ आवृत्ती आली. प्रत्यक्ष धोका फार मोठा नव्हता. पण हॅश जुळला म्हणजे विषय संपला, असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी. हॅश बाइटची खात्री देतो. त्या बाइटचा अर्थ काय, हे मानकाच्या वाक्यांनी ठरतं.

दुरुस्ती काय झाली? आधी त्या जागेबद्दलचं वाक्य मोघम होतं, ती सुसंगतीसाठी राखीव आहे अशा अर्थाचं. आता तिथे 'शुड' आला. मानकांच्या भाषेत 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' या शब्दांचे अर्थ बांधलेले असतात. १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ते दिले आहेत. 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे कराच, पण सबळ कारण असेल आणि परिणाम माहीत असतील तर सूट. मग 'मस्ट' का नाही? ती जागा न भरलेल्या इमेज आधीच जगभर पडून होत्या. सक्ती केली असती तर त्या एका रात्रीत अवैध ठरल्या असत्या.

निर्णय मला पटतो. मांडणी पटत नाही. मानकाच्या मजकुरात त्या शब्दाशेजारी जुन्या आवृत्त्यांशी सुसंगती राहावी एवढंच कारण मिळतं. दोन अर्थांची सगळी कहाणी सुरक्षा सूचनेत, वेगळ्या कागदावर. फक्त मानक वाचून क्लायंट लिहिणाऱ्याला कळणारच नाही की हा 'शुड' रांगोळीचा नाही, कुंपणाचा आहे. पेपरमध्ये आपण एखादा पॅरामीटर ०.०५ का धरला ते लिहिलं नाही तर रिव्ह्यूअर परत पाठवतो. मानकांनाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये इमेज आणि वितरण, दोन्ही मानकांची १.१ आवृत्ती आली. लोकांना इमेजला चिकटवून इतर गोष्टी ठेवायच्या होत्या: सही, आतल्या सॉफ्टवेअरची यादी वगैरे. त्यासाठी मसुद्यात एक नवीन, तिसऱ्या तऱ्हेची फाइल होती. प्राथमिक आवृत्त्यांमध्ये ती आली आणि अंतिम आवृत्तीच्या आधी काढूनही टाकली. त्याऐवजी जुन्याच मॅनिफेस्टमध्ये 'सब्जेक्ट' नावाची जागा आली: मी अमुक डायजेस्टबद्दल आहे, असं सांगणारी. नवीन दालन बांधण्याऐवजी जुन्या भिंतीला खुंटी ठोकली, कारण नवी फाइल चालू असलेल्या सगळ्या रजिस्ट्री स्वीकारतील याची खात्री नव्हती. मला ही माघार १.१ मधला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. अर्थात त्याची किंमत आहे. ज्या रजिस्ट्रीला ही नवी सोय माहीत नाही तिथे क्लायंटने ठरलेल्या नावाच्या टॅगखाली यादी स्वतः सांभाळायची. दोघांनी एकाच वेळी यादी बदलली तर एकाची नोंद पुसली जाऊ शकते. त्यावर मानक सशर्त लिखाणाची वाट दाखवतं, पण ती सोय रजिस्ट्रीकडे असली तर.

आता आपल्या कामाचं. प्रबंधात किंवा पेपरमध्ये कंटेनर दिला म्हणजे निष्कर्ष पुन्हा काढता येतील, असं आपल्याला सांगितलं जातं. कार्ल बोएटिगरने २०१५ मध्ये संशोधनासाठी डॉकरची ओळख करून देणारा लेख लिहिला, तेव्हापासून ही सवय बऱ्याच प्रयोगशाळांत रुजली. सवय चांगली आहे. पण मानक नेमकं कशाचं वचन देतं ते बघा. मिळालेले बाइट तेच आहेत का, हे तपासता येतं. तीच इमेज पुन्हा बांधता येईल, हे वचन नाही. थरांच्या आतल्या फाइली अगदी त्याच असल्या तरी वेगळ्या जीझिपने दाबल्या तर डायजेस्ट बदलू शकतो. म्हणूनच मानकात दाबलेल्या थराची आणि उघडलेल्या थराची ओळख वेगवेगळी ठेवलेली आहे. ती इमेज पाच वर्षांनी रजिस्ट्रीत सापडेल, हे वचन तर अजिबात नाही. २०२० मध्ये डॉकर हबने मोफत खात्यांवरच्या सहा महिने न वापरलेल्या इमेज काढून टाकण्याचं जाहीर केलं होतं. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण तुमच्या पेपरमधला दुवा कशावर टांगलेला आहे ते त्या वेळी लख्ख दिसलं. क्लस्टरवर आपण अ‍ॅपटेनर वापरतो तेव्हा ओसीआय इमेजची एक सलग फाइल बनते आणि तिचा हॅश मूळ डायजेस्टपेक्षा वेगळा असतो. म्हणून प्रबंधात मूळ डायजेस्ट लिहा. 'लेटेस्ट' हा फक्त एक टॅग आहे, उद्या तो दुसऱ्याच इमेजकडे बोट दाखवेल.

ही उणीव मानकाची म्हणायची का? मी म्हणेन, अर्धी. जपणूक आणि पुनर्बांधणी मानकाच्या कक्षेबाहेर ठेवणं रास्त आहे. पण कक्षा कुणी आखली तेही बघायला हवं. मेंटेनर बहुतेक रजिस्ट्री, क्लाउड आणि साधनं बनवणाऱ्या कंपन्यांतले असतात, बैठका अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे होतात, आणि चर्चेत वजन पडतं ते चालू अंमलबजावणी दाखवणाऱ्याचं. यात कुणाची लबाडी नाही. वापरात नसलेली कल्पना मानकात घालू नये, हे तत्त्व बरोबरच आहे. फक्त त्याचा परिणाम असा की ज्यांच्याकडे रजिस्ट्री नाही त्यांची गरज उशिरा पोचते. संशोधकांकडे रजिस्ट्री नसते.

तरी दार बंद नाही. मजकूर अपाचे परवान्याखाली खुला आहे. बदल पाठवायला करार लागत नाही, प्रत्येक कमिटखाली सही-ओळ लागते. लिनक्स कर्नलमध्ये २००४ मध्ये सुरू झालेली ही पद्धत. त्या ओळीने तुम्ही लिहून देता की हे देण्याचा मला हक्क आहे. फेलोशिपवर असाल तर तुमच्या संस्थेचा बौद्धिक संपदेचा नियम आधी वाचा आणि गाइडना विचारा. ही औपचारिकता नाही. नवख्याने सुरुवातीला हात घालावा तो दोन ठिकाणी: मोघम वाक्यं आणि वितरण मानकाच्या चाचण्या. एखादं वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येतं हे उदाहरणासह दाखवणं, आणि ती संदिग्धता पकडणारी चाचणी लिहिणं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात आपण दुसऱ्यांच्या पेपरबाबत हेच तर शिकतो.

एक जागा तर समोरच आहे. इमेजवर माहिती लिहिण्यासाठी मानकाने काही ठरावीक किल्ल्या दिल्या आहेत: लेखक, मूळ कोडचा पत्ता, आवृत्ती, परवाना, खालच्या इमेजचा डायजेस्ट वगैरे. ही इमेज कुठल्या पेपरसोबतची आहे, तिचा डीओआय काय, यासाठी किल्ली नाही. स्वतःच्या डोमेनच्या नावाने वेगळी किल्ली बनवायला मानक परवानगी देतं. म्हणजे प्रस्ताव घेऊन जाण्याआधी दोन-चार प्रयोगशाळांनी तशी एक किल्ली ठरवून वर्षभर वापरायची, आणि मग ती दाखवत मेंटेनरांकडे जायचं. नुसती कल्पना घेऊन गेलात तर पहिला प्रश्न येईल, हे वापरतंय कोण?