पाठांतर आणि त्यापुढचा प्रश्न

शाळेतल्याच एका मुलाला किंवा मुलीला तयार करायचं आणि तिने आपल्या बरोबरीच्यांना एच.आय.व्ही.बद्दल सांगायचं, ही कल्पना मला मनापासून पटते. म्हणूनच तिचं आज जे होतंय, त्याबद्दल बोलायला आलोय.

मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत मी असा एक तास मागे बसून पाहिला. नववीतला मुलगा, आवाज खणखणीत. एच.आय.व्ही. पसरण्याचे चार मार्ग त्याने एका दमात म्हणून दाखवले: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, बाधित आईकडून बाळाला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "असुरक्षित म्हंजी?" हा गप्प. त्याने सरांकडे पाहिलं, सरांनी खिडकीबाहेर. मग, "चला, पुढचं पान घे."

त्या मुलाला दोष देऊ नका. चार मार्ग त्याला शिकवले होते, पाचवं वाक्य शिकवलं नव्हतं. आणि सरांनाही एकदम भित्रे म्हणू नका. २००७ साली विधिमंडळात लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावरून गदारोळ झाला आणि राज्याने शाळांतला तो कार्यक्रमच थांबवला. तो धसका मास्तरांच्या मनात अजून आहे. तसा हा धसका जुनाच. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे, त्या उत्तरांवरून खटला झाला, आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तेव्हाही खटकलं होतं ते उत्तर देणंच.

आता, हा 'पीअर' निवडतं कोण? बहुधा शिक्षक. मग निवड होते मॉनिटरची. वक्तृत्वात बक्षीस मिळवलेला, वह्या नीट ठेवणारा. मुलांच्या नजरेत तो सरांचा माणूस. आश्रमशाळेत तर सगळे एकाच खोलीत झोपतात. रात्री मुलं आपापसात काय बोलतात ते याच्या कानावर पडलं की सकाळी सरांच्या कानावर जाईल, अशी धास्ती. त्याला कोण काय विचारणार? आणि फ्लिपचार्टवरची भाषा पुस्तकी. घरात कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलीला 'जननेंद्रिय' हा शब्द शरीराचा वाटतच नाही, परीक्षेचा वाटतो.

याहून मोठी गोष्ट कॅलेंडरची आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मुलंही जातात. आणि आपली एड्सविरोधी प्रभातफेरी कधी निघते? १ डिसेंबरला! घोषणा जोरात, रांगा सरळ, आणि चौदा-पंधरा वर्षांची जी मुलं आईबापांबरोबर भट्टीवर गेली, ती त्या रांगेत नाहीतच. घरापासून लांब, मोठ्या माणसांत, रोजाने राबणारी हीच मुलं; माहितीची गरज त्यांना जास्त.

गंमत अशी की कागदावर हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावामागे चार साथी सांगितलेत, दोन मुलगे, दोन मुली. आणि त्यातली एक जोडी शाळेबाहेरच्या मुलांसाठी. कागद चांगला आहे हो. पण शाळेत हजेरीपट असतो, मुलं एका जागी सापडतात, फोटो निघतो. भट्टीवर यातलं काही नाही.

जगभरात अशा कार्यक्रमांचे जे आढावे झालेत, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. मुलांची माहिती वाढते, वागणं बदलल्याचा पुरावा मात्र तोकडा. आणि सगळ्यात जास्त शिकतो तो शिकवणारा मुलगा स्वतः. हे ऐकून लोक म्हणतात, मग बंद करा. मी म्हणतो, उलटं करा. शिकवणाराच शिकत असेल तर दर वर्षी नवे निवडा, पुष्कळ निवडा, आणि मुलांना निवडू द्या. माझं मत विचाराल तर तो मागच्या बाकावरचा आधी घ्या.

माहिती वाढते म्हणालो, पण तिथेही हुरळून जायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्क्यांनाच एच.आय.व्ही.ची पुरेशी माहिती होती. म्हणजे मुलगी घरी जाऊन आईला विचारेल, तर आईलाही बहुधा ठाऊक नाही.

शाळांच्या भिंतींवर मी अजून कवटीचं चित्र पाहतो. २००४ पासून सरकारी केंद्रांतून ए.आर.टी.ची औषधं मोफत मिळतात, ती नियमित घेणारी माणसं संसार करतायत, शेती करतायत. वर्गातल्या एखाद्या मुलाचा बाप त्या गोळ्या घेत असेल आणि समोर त्याचाच मित्र 'एड्स म्हणजे मृत्यू' म्हणत असेल, तर त्या मुलाने कुठे बघायचं?

साथीला पाठ म्हणून दाखवायला लावू नका. "मला माहीत नाही, उद्या विचारून सांगतो," एवढं म्हणायला शिकवा, आणि उद्या विचारायचं कुणाला, ते माणूस नक्की करून द्या. गावातली आशा चालेल, पण ती बऱ्याचदा कुणाची तरी काकू असते, तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशकाची गाठ घालून द्या. आणि हे सगळं जुलै-ऑगस्टात करा, मुलं गावात असताना.

बरं, माझं बोलून झालं. आता तुमचे प्रश्न. उभं राहून विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, नाव लिहू नका.