रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’

ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाची भव्य तैलचित्रे इथल्या म्युझियममध्ये आपण सर्वांनीच पाहिली असतील. पण मला सर्वांत खोल वाटते ते चित्र रंगात नाही, नुसत्या काळ्या शाईत आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटचे ‘तीन क्रूस’ (१६५३) हे ते मुद्राचित्र.

एचिंगमध्ये पत्र्यावरच्या रेघा आम्लाने खोदल्या जातात. इथे मात्र रेम्ब्रांटने तांब्याच्या पत्र्यावर थेट सुईनेच चित्र कोरले. या ड्रायपॉइंट पद्धतीत रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उठते. ती शाई धरून ठेवते आणि कागदावर रेघ मखमलीसारखी मऊ उमटते. ही कोर छपाईच्या दाबाने लवकर झिजते, म्हणून उत्तम ठसे थोडेच निघतात.

सुरुवातीच्या ठशांत आकाशातून प्रकाशाचा झोत क्रूसावर पडतो. त्या उजेडात शोकाकुल मरिया, सैनिक आणि घाबरून निघालेली माणसे दिसतात. क्रूसापुढे रोमन शताधिपती गुडघे टेकून बसला आहे. हा माणूस निर्दोष होता, असे म्हणणारा लूकच्या शुभवर्तमानातला अधिकारी तो हाच. त्याच्यामुळे या चित्रात नुसती यातना उरत नाही. ती पाहून बदललेला एक माणूसही दिसतो.

पुढे रेम्ब्रांटने तोच पत्रा खरवडला. कितीतरी माणसे पुसून टाकली, पिसानेल्लोच्या जुन्या इटालियन पदकावरून उंच टोपीचा घोडेस्वार आणला आणि दाट रेघांनी सगळीकडे काळोख ओतला. बाजूच्या दोन क्रूसांपैकी एक त्यात जवळजवळ बुडाला.

हा चौथा टप्पा थोर आहेच. आधी आपण गोष्ट पाहत होतो, आता आपणच त्या अंधारात उभे राहतो. पण त्याची किंमतही मोजावी लागली आहे. गुडघे टेकलेला शताधिपती आता सहज सापडत नाही. दुःख वाढले, पण त्याचा साक्षीदार हरवला. म्हणून यातला एकच ठसा पाहून थांबू नये. दोन्ही शेजारी ठेवले की कळते, दुसऱ्याच्या वेदनेपुढे माणूस काय करतो, हा प्रश्न रेम्ब्रांटने एकदा सोडवून पुन्हा उघडा केला.

लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन यांच्या संग्रहांत याचे ठसे आहेत. उजेडाने कागद खराब होतो, म्हणून ते कायम भिंतीवर नसतात. जाण्यापूर्वी चौकशी करा आणि मोठ्या मुलांनाही सोबत न्या.