‘देवी आल्या’ : रोगदेवतेच्या वाङ्मयातील स्त्री

मराठीत एका प्राणघातक रोगाचे नाव ‘देवी’ असे आहे. मुलाच्या अंगावर देवी येतात, त्या ओसरल्यावर चेहऱ्यावर देवीचे वण राहतात, आणि रोगप्रतिबंधक लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ असेच म्हटले जाते. हिंदीत हाच रोग ‘माता’ होतो, बंगालीत तो ‘मायेर दया’ म्हणजे आईची कृपा ठरतो, आणि तमिळमधील ‘अम्मै’ या शब्दात तर रोग आणि माता यांच्यात अंतरच उरत नाही. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या भाषांनी मृत्यूच्या एका कारणाला आईचे नाव द्यावे, ही केवळ भीतीपोटी केलेली खुशामत मानता येणार नाही. या नामकरणामागे घरातील रोगशय्या आहे आणि त्या शय्येपाशी रात्रंदिवस बसलेली स्त्री आहे. रोगदेवतेभोवती भारतीय भाषांत जे वाङ्मय निर्माण झाले, त्याचा विचार या स्त्रीला वगळून पूर्ण होत नाही.

असे असूनही या परंपरेची जी दोन वाचने आज प्रचलित आहेत, त्या दोहोंतून ही स्त्री निसटते. पहिले वाचन सुधारकी आहे. त्याच्या दृष्टीने मरीआई, शीतला किंवा मारिअम्मन म्हणजे अज्ञानाची फलिते होत. दुसरे वाचन विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बळावले. देवी हे स्त्रीशक्तीचे आद्य रूप असून कडुनिंब, हळद आणि थंड पाणी यांच्या उपचारांत पुरुषी वैद्यकाने दडपलेले स्त्रियांचे ज्ञान साठवलेले आहे, असे ते मानते. पहिल्यात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात गौरव आहे. परंतु दोन्ही वाचनांची नजर देवीवर खिळलेली असते. देवी सामर्थ्यवान असली म्हणजे तिची पूजा करणारी स्त्रीही सामर्थ्यवान होते काय, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित राहतो. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा त्या परंपरेच्या वाङ्मयातच अधिक नेमकेपणाने सापडते.

त्याआधी या उपचारपद्धतीचे स्वरूप पाहिले पाहिजे. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले जात. फोडणी, तळण आणि मसाले बंद होत. परक्या माणसाने आत येऊ नये, मोठ्याने बोलू नये, रोग्याला थंडावा मिळेल असेच अन्न द्यावे, अंगावरील फोड नखाने खाजवू न देता निंबाच्या पाल्याने हळुवार कुरवाळावे आणि खपल्या धरल्यावर निंबाच्या पाण्याने स्नान घालावे, असा हा परिपाठ होता. विलगीकरण, शांतता, हलका आहार आणि स्वच्छता ही त्यातील तत्त्वे व्यवहाराला धरून होती. शिवाय ज्या बाईला एकदा देवी येऊन गेल्या तिला त्या सहसा पुन्हा येत नसल्यामुळे चेहऱ्यावर वण असलेली वृद्धाच या सेवेला सर्वांत सुरक्षित असे. एरवी घरात जिचा शब्द चालत नाही तीच या दिवसांत स्वयंपाक काय व्हावा, कोणी उंबरा ओलांडावा आणि कोणी ओलांडू नये, हे ठरवीत असे. देवीच्या नावाने दिलेली तिची आज्ञा घरातला कर्ता पुरुषही मोडू शकत नसे.

या अधिकाराची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. वैद्यकाचा ग्रंथ आणि हत्यार स्त्रीच्या हाती नव्हते. संस्कृत वैद्यकाने मसुरेच्या दाण्यासारख्या फोडांवरून या रोगाला ‘मसूरिका’ हे नाव दिले, आणि सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्राने शीतलेचा अंतर्भाव त्यातच केला. बंगालमध्ये रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाला टोचण्याची जी पद्धत होती, तिचे वर्णन जे. झेड. हॉलवेल याने १७६७ साली लंडनच्या वैद्यमंडळापुढे ठेवले. त्यात देवीची पूजा, पथ्ये आणि गार पाण्याचे स्नान यांचा उल्लेख आहे. मात्र टोचणारे हात ब्राह्मण पुरुषांचे आहेत. टोचणे हा पुरुषाचा व्यवसाय आणि जागणे हे स्त्रीचे कर्तव्य, अशी ही विभागणी होती.

निंबाने देवीचा रोग बरा होत नव्हता, हेही निःसंदिग्धपणे नोंदवले पाहिजे. निंबाने दाह शमला असेल, परिचर्येने काही जीव तगले असतील. पण रोगाचा अंत केला तो लसीने. एडवर्ड जेन्नरच्या १७९६ मधील प्रयोगानंतर सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी लस टोचण्यात आली. तरीही देशातून हा रोग हटण्यास १९७५ साल उजाडावे लागले आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने संपूर्ण जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. या परंपरेतील निसर्गोपचाराचे गोडवे गाणाऱ्या लेखनाने या तारखांना वळसा घालणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. परंपरेचे मोल तिने किती रोगी बरे केले यावर ठरवायचे नसून, जे बरे होणार नव्हते त्यांच्याजवळ बसण्याची तिने कोणती रीत दिली यावर ठरवायला हवे.

ही रीत वाङ्मयात दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर उतरली. पहिली पातळी गावजत्रेची आहे. बंगालीत कृष्णराम दास यांनी सतराव्या शतकात आणि नित्यानंद चक्रवर्ती यांनी अठराव्या शतकात रचलेली शीतलामंगल काव्ये ही तिची ठळक उदाहरणे होत. मंगलकाव्याचा साचा ठरलेला असतो : देवीला पृथ्वीवर पूजा हवी असते, राजा ती नाकारतो, ज्वरासुराला सोबत घेऊन देवी नगरावर रोगांची फौज सोडते, घरोघर प्रेते पडतात, आणि अखेरीस राजा शरण आल्यावर मेलेले पुन्हा उठतात. अठराव्या शतकातील बंगालच्या आपत्ती आणि या काव्यांचा प्रसार यांचा संबंध अभ्यासक राल्फ निकोलस यांनी दाखवून दिला आहे. वाङ्मयीन दृष्ट्या लक्षणीय बाब अशी की, येथे देवी स्त्री असली तरी संघर्ष दोन सत्तांमधील आहे. राजाचा अहंकार आणि देवीचा हट्ट यांच्या मध्ये जी माता मूल गमावते ती केवळ विलापापुरती येते. काव्य देवीचे आहे, स्त्रीचे नाही.

दुसरी पातळी घरातील आहे, आणि तिथे दृश्य पालटते. तमिळमधील मारिअम्मनचे ‘तालाट्टु’, म्हणजे देवीला गायिलेले अंगाईगीत, रोग्याच्या घरी म्हटले जाई. अंगावरचे फोड हे देवीचे मोती आहेत, आणि आलेल्या पाहुणीने शांत होऊन ते परत उचलून न्यावेत, अशी यामागची कल्पना आहे. संहारक शक्तीला ही रचना रडव्या, तापलेल्या मुलासारखे निजवते. आजारी लेकराला थोपटणारा हात आणि देवीला थोपटणारा स्वर येथे एकच होतो. शीतलामंगलात राजा शरण जातो. तालाट्टुत शरण जाण्याच्या भाषेतच देवीचे पालकत्व स्वीकारलेले आहे. भीती नाहीशी झालेली नाही, पण तिला रोजच्या कामाचा आकार आला आहे.

मराठीतील चातुर्मासाच्या कहाण्या याच घरगुती पातळीवरच्या आहेत. श्रावण शुद्ध सप्तमीला, म्हणजे शिळासप्तमीला, चूल पेटवायची नाही आणि आदल्या दिवशीचे गार अन्न खायचे, असा शीतलेच्या व्रताचा संकेत आहे. या दिवशी सांगितली जाणारी कहाणी मात्र रोगाविषयी नसून पाण्याविषयी आहे. राजाने बांधलेल्या तळ्याला पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. सुनेला माहेरी पाठवले जाते आणि तिच्या पाठीमागे तिचे मूल तळ्याला दिले जाते. परतताना ती तळे भरलेले पाहते. काय घडले याची तिला कल्पना नसते; परंतु त्या दिवशीचा वसा तिला आठवतो. ती काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पूजा करते, आपल्या वंशातले कोणी बुडाले असेल तर ते परत मिळावे असे मागते, आणि पाण्यातून मूल येऊन तिचे पाय धरते.

या कहाणीचे बळ तिच्या विधीत आहे त्यापेक्षा तिच्या रचनेत अधिक आहे. गावाच्या हितासाठी मुलाचा बळी द्यावा हा निर्णय सासरा घेतो. ज्या स्त्रीचे मूल, तिला विचारले जात नाही. राजाने जे दिले ते देवता तिच्या हाती परत करतात, राजाच्या नव्हे. स्त्रीला नाकारलेली निर्णयसत्ता कथेने देवतेच्या मार्गाने तिच्याकडे वळवून दिली आहे. मात्र कहाणी इथेच थांबते. सासऱ्याला कोणी जाब विचारत नाही, सून आनंदाने घरी येते, आणि मूल मिळाल्यावर अन्यायाचा विषय संपतो. चुलीला विसावा देणाऱ्या या सणाच्या आदल्या दिवशी स्त्रीला दुप्पट रांधावे लागते, ही विसंगतीही याच जातीची आहे. देवीने स्त्रीला दिलेली सत्ता ही उसनी सत्ता आहे. ती संकटात मिळते आणि संकट टळताच परत करावी लागते.

हे उसनेपण सर्वांत निर्भयपणे ज्या मराठी पुस्तकात प्रकट झाले ते बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ होय. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या आत्मकथनात महारवाड्यातील देवदेवस्की आतून पाहिलेली आहे. आषाढातील सणासुदी, अंगात येणाऱ्या बाया, मरीआईला वाहिलेला पोतराज हे सारे तेथे आहे. ज्या बाईला वर्षभर कोणी विचारत नाही तिच्या अंगात देवी आली की तिचा शब्द झेलला जातो, याचे भान लेखिकेला आहे आणि त्या क्षणाचे मोल ती नाकारीत नाही. पण त्याच पृष्ठांजवळ बाळंतिणीच्या उपासमारीचे वर्णनही येते. कोवळ्या वयातील मुलीची अडलेली प्रसूती, अज्ञानाने केलेले उपाय, प्रसूतीनंतर पोटात घालायला काही नसणे, आणि दगावलेली अर्भके. बाळंतिणीला डिंकाचा लाडू, शेपू आणि शेकशेगडी देणारी ‘परंपरागत परिचर्या’ ही सुस्थित घरांची परंपरा होती, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही. निसर्गातील औषध विनामूल्य असते असे म्हणणाऱ्याला हे पुस्तक स्मरण करून देते की, पथ्यासाठीही घरात धान्य असावे लागते.

बेबी कांबळे यांची समीक्षा तुच्छतेतून आलेली नाही. देवीचा आधार घेणाऱ्या बायका त्यांच्या आयाबहिणी आहेत. त्या आधारापलीकडे नेणारी वाट त्यांना डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत सापडली. १९५६ च्या धम्मदीक्षेने तर देवच बाजूला ठेवले. उसनी सत्ता टाकून स्वतःच्या नावावर मिळवलेली सत्ता असा हा प्रवास आहे. त्याच दशकात राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) या कादंबरीने यल्लम्माच्या जोगतिणींचे जिणे मांडले. केसांत जट आली म्हणजे देवीचे बोलावणे आले, असा अर्थ लावून मुलीला देवीला सोडले जाई. येथे देहावरील एका लक्षणाचा अर्थ लावण्याचा अधिकारच मुलीच्या विरुद्ध वापरला गेला. देवीच्या नावाने उंबऱ्यावर परक्याला अडवता येते, तसेच देवीच्या नावाने मुलीला उंबऱ्याबाहेरही काढता येते. परंपरेच्या गौरवगाथेत ही दुसरी शक्यता क्वचितच नोंदली जाते.

रोग गेला तरी ही देवता गेलेली नाही. १९९७ मध्ये कर्नाटकात एका शाळाशिक्षकाने एड्सविषयी लोकांत जाणीव निर्माण व्हावी म्हणून ‘एड्सअम्मा’चे देऊळ उभारले, २०२० साली बिहारमध्ये स्त्रियांनी ‘कोरोना माई’ची पूजा मांडली आणि २०२१ मध्ये कोइम्बतूरला ‘कोरोना देवी’ची प्रतिष्ठापना झाली. या घटनांना केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढले तर दुःखाला नाव देण्याची गरज दुर्लक्षित राहते; केवळ शक्तिपूजा म्हणून गौरविले तर रुग्णालय, लस आणि अन्न यांचा प्रश्न बाजूला पडतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून एक कसोटी हाती येते. रोगदेवतेची कोणतीही रचना वाचताना देवी किती उग्र वा किती दयाळू आहे, हे पाहून थांबू नये. रोग्याजवळ कोण जागते, निर्णय कोण घेते, दोष कोणाच्या माथी येतो आणि शेवटी पोटभर कोण जेवते, हे विचारावे. शीतलामंगलात हे प्रश्न जवळजवळ उपस्थितच होत नाहीत. तालाट्टुत त्यांतील पहिल्याचे उत्तर मिळते. शिळासप्तमीच्या कहाणीत दुसरा प्रश्न उभा राहून अर्ध्यावर सोडला जातो. आणि ‘जिणं आमुचं’मध्ये चारही प्रश्न विचारले जातात. कहाणीतील सुनेने मागितले ते पाण्याला, आणि तिला तिचे मूल मिळाले. बेबी कांबळे यांनी मागितले ते समाजाला, आणि त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.