घर तेच, घोटाळा नवा

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेत, म्हणजे सिटकॉममध्ये, कायमचे असे काही घडत नाही. ठरलेली माणसे, ठरलेले घर किंवा कचेरी, अर्ध्या तासात उभा राहून निस्तरला जाणारा एक घोटाळा आणि अखेरीस सगळे जिथल्या तिथे. बढती हुकते, पाहुणा टळतो, सासू-सुनेचा समेट पुढच्या आठवड्यापर्यंतही टिकत नाही. कौटुंबिक मालिका पुढे सरकते, ही जागच्या जागी फिरते. मधले चार भाग चुकले तरी प्रेक्षकाचे अडत नाही आणि वीस वर्षांनी कुठलाही भाग लावला तरी तो पुरा वाटतो, याचे कारण हेच.

बीबीसीवर 1946 मध्ये आलेली ‘पिनराइट्स प्रोग्रेस’ ही या प्रकारातली पहिली मालिका मानली जाते. घाट पक्का केला तो 1951 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या ‘आय लव्ह लूसी’ने. समोर प्रेक्षक, एकाच वेळी चालणारे तीन कॅमेरे आणि चित्रण थेट फिल्मवर. फिल्म टिकाऊ, म्हणून भाग पुन्हापुन्हा दाखवता आले. पुनःप्रक्षेपणाचा धंदा तिथून उभा राहिला. चार्ल्स डग्लस या तंत्रज्ञाने त्याच दशकात ध्वनिमुद्रित हशा पुरवणारे यंत्र बनवले आणि प्रेक्षक समोर नसतानाही हसू मिळू लागले.

मराठीत हा प्रकार आला तो मात्र पुस्तकाच्या वाटेने. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने नाटकातल्या नटांना छोट्या पडद्याची सवय लावली, पण ती सुट्या प्रहसनांची माळ होती. ठरलेल्या कुटुंबाची पहिली ठळक विनोदी मालिका म्हणजे सत्तरच्या दशकाअखेरची ‘चिमणराव गुंड्याभाऊ’. चिं. वि. जोशींची ही माणसे त्याआधी चारएक दशके मराठी घरांत वावरत होती आणि चाळीसच्या दशकात चित्रपटांतूनही येऊन गेली होती. किरकोळ अंगाचा, भिडस्त चिमणराव आणि प्रत्येक प्रश्नाला सोट्याचे उत्तर देणारा गुंड्याभाऊ ही जोडीच सिटकॉमला लागते तशी. एक अडचण ओढवून घेतो, दुसरा सोडवायला जाऊन ती दुप्पट करतो. दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्व्यांनी गुंड्याभाऊ असा काही रंगवला की पुढच्या पिढीला पुस्तक वाचतानाही हेच दोन चेहरे दिसू लागले. कथांमधला विनोद चिमणरावाच्या निवेदनात आहे. स्वतःची फजिती तो साळसूदपणे सांगतो आणि हसणाऱ्यांत सामील होत नाही. पडद्यावर निवेदन आटते. प्रभावळकरांनी तो साळसूदपणा चेहऱ्यात आणि किंचित कापऱ्या आवाजात आणला. या मालिकेचे आज मोजकेच भाग पाहायला मिळतात. टेप महाग असल्याने जुने पुसून त्यावरच नवे मुद्रित करण्याची रीत तेव्हा बीबीसीतही होती. विनोदी कार्यक्रम जपून ठेवावा असे त्या काळी फारसे कुणाला वाटत नसे.

हिंदीत ‘ये जो है जिंदगी’ 1984 मध्ये आली. व्यंगकार शरद जोशींचे लेखन आणि जवळपास प्रत्येक भागात नव्या सोंगात उगवणारा सतीश शाह ही तिची दोन बलस्थाने. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून निघालेल्या ‘वागळे की दुनिया’ने (1988) मुंबईच्या मराठी कारकुनाला देशभर नेले. वागळे झाले अंजन श्रीवास्तव, तर त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत भारती आचरेकर. पुढे हिंदी वाहिन्यांचा विनोद बराचसा मराठी रंगभूमीवर घडलेल्या नटांच्या जिवावर चालला. सचिन पिळगावकरांच्या ‘तू तू मैं मैं’मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर यांनी सासू-सून उभ्या केल्या. त्यांची भांडणे वाक्यांच्या टायमिंगवर चालत, कटकारस्थानांवर नव्हे. 1995 च्या ‘हम पांच’मध्ये पाच मुलींचा बाप अशोक सराफ. भिंतीवरच्या तसबिरीतून दिवंगत पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर, त्याला टोमणे मारते आणि ते ऐकू जाते फक्त त्यालाच. घरातले बाकीचे त्याला भिंतीशी बोलताना पाहतात. सराफ एका डोळ्याने तसबिरीकडे आणि दुसऱ्याने घराकडे बघत जे काही करतात, तो विनोदी अभिनयाचा धडाच आहे. गंमत अशी की यातले बरेचसे कलावंत मराठी असताना मराठीत त्या तोडीची साप्ताहिक मालिका तेव्हा नव्हती.

ती उणीव ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ने भरून काढली. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या वृत्तपत्रीय सदरावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका अल्फा मराठीवर 2001 मध्ये सुरू होऊन 2005 पर्यंत चालली. निवृत्त आबा, मुलगा शेखर (राजन भिसे), सून श्यामला (शुभांगी गोखले), नातवंडे शिऱ्या आणि शलाका. तीन पिढ्या, एक फ्लॅट. भाग संपतो तो आबांच्या रोजनिशीने. हा नुसता शेवटचा अलंकार नाही. दिवसभर ज्या माणसाकडे घरातल्यांचे निम्मेअर्धेच लक्ष असते, त्याच्या हातात रात्री सगळ्यांचा हिशेब असतो आणि तो कुणालाही नापास करत नाही. चिमणरावाच्या रूपांतरात आटलेले निवेदन इथे असे मागल्या दाराने परतले. मालिकेत खलनायक नाही. घोटाळे होतात ते समज-गैरसमजातून आणि मध्यमवर्गीय प्रतिष्ठेच्या हौसेतून. काही भाग उपदेशाकडे झुकतात, सरळच सांगायचे तर कंटाळवाणे आहेत. तरी एकूण लिखाणाचा तोल मराठीत पुन्हा क्वचितच साधला.

मग हा प्रकार विरळ का झाला? गणित दररोजच्या मालिकेने बदलले. ‘उद्या काय होणार’ ही हुरहुर रेटिंगला सोयीची असते आणि सिटकॉममध्ये नेमके काहीच होत नाही. शिवाय आठवड्याला एक भाग लिहिणारा लेखक रोज एक लिहू लागला की विनोद उसना आणावा लागतो. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’चे तसेच झाले. गुजराती ‘चित्रलेखा’तल्या सदरावरून 2008 मध्ये निघालेल्या या मालिकेची पहिली काही वर्षे खरोखर हसरी होती. भिडे मास्तरांचे शिस्तप्रिय मराठी बिऱ्हाड तर अचूक टिपलेले. हजारो भागांनंतर मात्र त्या सोसायटीत माणसांच्या जागी त्यांच्या लकबीच उरल्या. मराठीत ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने (2015) एका घरात राहणाऱ्या तरुण मित्रांचा घाट आणला. तो अमेरिकी नमुन्यावर बेतलेला वाटला तरी बोलणे अस्सल मुंबई-पुण्याचे होते.

वाहिन्यांनी मोठ्या प्रमाणावर जवळ केले ते प्रहसन. ‘फू बाई फू’, 2014 पासूनची ‘चला हवा येऊ द्या’, 2018 पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. इथे मेहनत आणि प्रतिभा दोन्ही आहेत. समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव यांच्यासारखे नट कुठल्याही भाषेत उठून दिसतील. पण पाऊणएक पान संवाद होतात न होतात तोच टाळीचे वाक्य यावेच लागते. पात्राला गप्प बसायची, अवघडायची मुभा नाही. मध्येच कॅमेरा परीक्षकांच्या हसण्यावर जातो. डग्लसच्या यंत्राचेच काम आता ओळखीचे चेहरे करतात, एवढाच फरक.

भाषेच्या बाबतीत मराठी विनोदी मालिका फार काळ पुणे-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून राहिली. बोली बोलणारा आला तर नोकर म्हणून किंवा गावाकडचा पाहुणा म्हणून. ‘गाव गाता गजाली’ने (2017) मालवणीला घरची भाषा केले, तेव्हा विनोद बोलीच्या विचित्रपणावर न राहता माणसांच्या स्वभावावर उभा राहिला. वऱ्हाडी आणि अहिराणी बहुतेक वेळा प्रहसनापुरत्याच येतात. वसई तालुक्यात गास, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात बोलली जाणारी कादोडी तर या मालिकांत जवळपास ऐकूच येत नाही. वास्तविक केळी-भाजीपाल्याच्या वाड्या, चर्चचे सण, मुंबईची नोकरी आणि घरात नांदणाऱ्या दोन-तीन भाषा, एवढा ऐवज एका सिटकॉमला पुरून उरावा. त्याच तालुक्यात नायगावला हिंदी मालिकांचे सेट उभे असतात आणि त्यांत दाखवली जाणारी गावे दुसरीकडचीच असतात.

इंटरनेटवर भाडिपासारख्या चमूंनी छोट्या भागांतून आई-मुलगा, मित्र, कचेरी हे जुने साचे पुन्हा हाताळले. हवालदारांच्या रोजच्या कामावरची भाडिपाची ‘पांडू’ (2019) हास्यास्पद व्यवस्थेत अडकलेल्या साध्या माणसांकडे, म्हणजे चिमणरावाच्या कुळाकडे, परतली. तिथे लिहायला वेळ मिळतो, हशा पेरावा लागत नाही. अडचण भागांच्या संख्येची. टिपरे कुटुंब घरोघरी रुळले ते चार वर्षे दर आठवड्याला भेटत राहिल्याने, आणि मोजक्या भागांच्या हंगामात तेवढा सहवास मिळत नाही.