लाटण्यातली रेषा

कातकाम करणाऱ्या, म्हणजे फिरते लाकूड कापून त्याला आकार देणाऱ्या, कारागिराची एक वस्तू महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात आहे आणि तिच्याकडे कलाकृती म्हणून सहसा कुणी पाहत नाही. ती वस्तू म्हणजे लाटणे. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, रवी, भोवरा, बुद्धिबळाची प्यादी ही सगळी कातकामाचीच लेकरे. पण त्यांना नक्षीची, रंगाची किंवा सांध्यांची साथ मिळते. लाटणे एकटे उभे राहते. एक लाकूड, एक आस आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एकच रेषा, एवढेच त्याचे भांडवल. घरी छोटा लेथ आणून लाकूड कातायला शिकू पाहणाऱ्याने पहिली वस्तू म्हणून लाटणेच करावे, आणि बटण दाबण्याआधी एखादे जुने, हातात मुरलेले लाटणे समोर ठेवून ते नीट वाचावे, असे मला मनापासून वाटते.

आमचा धाराशिव जिल्हा ज्वारीचा. इथली रोजची भाकरी तळहाताने थापली जाते. तिला लाटणे लागत नाही. त्याचा खरा कस लागतो तो होळीला, पोळ्याला, घरात पुरण शिजते तेव्हा. आत मऊ पुरण, बाहेर पातळ पारी, आणि दोन्ही एकाच वेळी न फाटता पसरले पाहिजेत. लाटण्याची रेषा कुणा कारागिराने लहरीखातर काढलेली नाही; ती अशा पोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून ठरवलेली आहे.

आता मधला भाग पाहू. लांबून तो सरळ दंडगोल वाटतो. पाटावर ठेवून डोळा खाली नेला की दिसते, अनेक जुन्या लाटण्यांचे पोट मध्यावर किंचित भरलेले असते आणि दोन्ही बाजूंना ते हळूहळू उतरत जाते. हा फरक इतका थोडा असतो की नजरेआधी तो बोटांना कळतो. या उतारामुळे लाटणे एका जागी वळू शकते. हात जरासा तिरका झाला की पोळी स्वतःभोवती फिरते, आणि लाटणारीला ती पुन्हापुन्हा उचलून फिरवावी लागत नाही. फुगवटा जास्त झाला तर पोळी मध्ये पातळ होऊन फाटते. मुळीच नसला तर लाटणे सरळ चालते, पण सहज वळत नाही. दोन्हींच्या मधली ती नेमकी जागा कारागिराला सापडली, हेच या वस्तूचे काव्य.

पोट संपते तिथे मूठ सुरू होते. रेषा इथे पहिल्यांदा बोलकी होते. पोटाची कड गोल उतरते, एक अरुंद खाच येते, खाचेनंतर एक मणी, आणि मण्यातून मूठ निघून टोकाकडे निमुळती होते. खाच बोटाला हद्द सांगते, मणी तळव्याला थांबवतो. शोभा म्हणून दिसणारे प्रत्येक वळण इथे काहीतरी काम करते आहे. नवख्याने याच जागी सर्वांत जास्त रेंगाळावे. कातकामातले बहुतेक आकार शेवटी दोनच आकारांचे नातेवाईक असतात: बाहेर येणारा मणी आणि आत जाणारी खाच. या दोघांची ओळख पटली की पाळण्याच्या खांबापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत कुठलाही आकार उलगडून वाचता येतो. मणी आणि खाच एकमेकांत घुसमटली तर आकार लेचापेचा दिसतो; दोघांच्या मध्ये केसभर सपाट पायरी सोडली की तोच आकार ताठ उभा राहतो. जुन्या कारागिराच्या लाटण्यात ही पायरी हमखास सापडते.

आता टोके पाहा. घाईने उरकलेल्या लाटण्याच्या दोन्ही टोकांना मध्यावर बारीकशी खळी असते. लाकूड लेथच्या दोन टोकांत धरले होते, त्याची ती खूण. या दोन खळ्यांना जोडणारा अदृश्य आस हा लाटण्याचा कणा. लाकडाचे धागे त्या आसाला समांतर असले पाहिजेत, नाहीतर दाबाखाली मूठ तडकते. म्हणून लाकूड निवडताना आधी धागे पाहायचे, मग लांबी-रुंदी. बेंचवर मावणाऱ्या लेथमध्ये दोन टोकांतले अंतर साधारण १६ ते १८ इंच असते. लाटण्याला ते पुरते.

चौकोनी तुकडा थेट लेथला लावता येतो. पण आधी रंध्याने त्याचे चारही कोपरे उतरवून तो अष्टकोनी केला तर धक्के कमी बसतात. चौकोन, मग अष्टकोन, मग वर्तुळ, हा क्रम मराठवाड्याच्या माणसाला अनोळखी नाही. आपल्याकडच्या मध्ययुगीन दगडी मंदिरांचे खांब खालून वर पाहत गेले की हेच तीन आकार एकावर एक रचलेले आढळतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या काही खांबांची गोलाई आणि झिलई इतकी नेमकी आहे की अभ्यासक त्यांना लेथवर कातलेले खांबच म्हणतात. कातणारा जे टप्पे ढलप्यांबरोबर फेकून देतो, ते त्या खांबांनी जपून ठेवले आहेत.

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे संत गोरा कुंभारांचे, म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. कुंभाराचे चाक आणि कातकामाचा लेथ ही सख्खी भावंडे. दोघेही फिरत्या वस्तूला हात लावून आकार मागतात. पण मातीला चूक दुरुस्त करू देण्याचे औदार्य आहे. भांडे बिघडले तर गोळा पुन्हा मळता येतो. लाकडातून गेलेली ढलपी परत येत नाही. म्हणून लाटण्याची रेषा आधी मनात आणि कागदावर पूर्ण व्हावी लागते. पुठ्ठ्यावर तिचा साचा कापून घ्यावा, कॅलिपरने चार-पाच ठिकाणची जाडी मोजून लिहावी, पातळ पटाशीने त्या त्या ठिकाणी तेवढ्याच खोल खाचा घ्याव्यात आणि मग मधले लाकूड उतरवावे. रेषेचे ते थांबे ठरले की हाताची भीती पुष्कळ कमी होते.

आयटीआयमध्ये टर्नर जो लेथ चालवतो त्यावर हत्यार लोखंडी घोडीत आवळलेले असते आणि चाके फिरवून ते पुढेमागे सरकवतात. लाकडाच्या लेथवर हत्यार हातात असते. यंत्र फक्त गोलाई देते. रेषा माणूस देतो. या हातकामाचे व्याकरण लहानसे आहे. हत्यार आधी त्याला आधार देणाऱ्या टेकणावर ठेवायचे, मग धारेमागची उतरती बाजू फिरत्या लाकडावर टेकवायची, आणि त्यानंतरच मूठ हळूच उचलून धारेला कापू द्यायचे. हा क्रम मोडला की टोक लाकडात रुतते, हिसका बसतो आणि कातलेल्या अंगावर खोल ओरखडा उठतो. कातताना नेहमी उंच भागाकडून सखल भागाकडे यायचे, म्हणजे धागे एकमेकांना आधार देतात आणि लाकूड उपटत नाही. धार चांगली असेल तर लांब, सलग ढलप्या निघतात. भुसा उडू लागला की सहाणेकडे वळावे. नीट कापलेल्या लाटण्याला सॅंडपेपर फार थोडा लागतो, आणि म्हणूनच त्याच्या मण्यांच्या कडा जिवंत राहतात.

विजेची मोटर येण्याआधी हेच काम दोरीवर चाले. एकजण दोरी ओढी, लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे. कातणारा जमिनीवर बसून फक्त एका दिशेच्या फेऱ्यात कापी आणि उलट फेऱ्यात हत्यार सैल सोडी. या लयीने हाताला थांबायला शिकवले. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच परंपरेतली. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. चन्नपट्टणचे कारागीर मग केवड्याच्या जातीच्या पानाने त्यावर चकाकी आणतात. रंगीत लाटण्याच्या मुठीवरची लाल-पिवळी वलये याच रीतीची. पोट मात्र कोरे, कारण ते पिठाला लागते.

आजच्या मोटरला ती विश्रांती नाही, म्हणून शिस्त आपण आणायची. वेगाचा एक ढोबळ हिशेब सांगतात: लाकडाचा व्यास इंचात धरून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले तर उत्तर ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावे. दोन इंचांच्या लाटण्याला म्हणजे ३००० ते ४५०० फेरे. ही गोल झालेल्या लाकडाची मर्यादा. तुकडा चौकोनी असताना आणि हात नवा असताना हजाराच्या आतच राहावे. सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते टेकणाला लागत नाही ना, हे पाहावे. तोंडावर पूर्ण ढाल हवी. हातमोजे, सैल बाही, पदर, ओढणी, बांगड्या, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही लेथजवळ नको. शिसवीच्या भुशाने काहींना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो, तेव्हा मास्कही हवा.

लाकडासाठी दूर जायला नको. बांधावरची बाभूळ घट्ट, जड आणि चिवट. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा गावच्या सुतारांनी तिच्यातूनच घडवला. तुंब्याला जे सोसले ते लाटण्याला सहज सोसेल. मात्र ओली बाभूळ इथल्या कोरड्या उन्हाळ्यात टोकांकडून चिरते. कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड रंग लावून ती सावलीत ठेवावी. इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा सुतारांचा धीराचा हिशेब. शेवटचा हात तेलाचा. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते आणि पुढे खवट होते. मराठवाड्याच्याच करडईचे किंवा जवसाचे तेल लाकडात मुरून हळूहळू घट्ट होते. तेलाचे फडके मात्र चुरगाळून ठेवू नये, मोकळे पसरून वाळवावे. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो.

लाटण्यावर कारागिराचे नाव नसते. तरीही वाचायला शिकलेल्याला त्यात एक माणूस भेटतो: त्याने कुठे हात आवरला, कुठे मणी थोडा मोठा ठेवला, कुठे लाकडाची गाठ चुकवून मूठ निवडली. ही ओळख नवख्याला पुस्तकापेक्षा लवकर पुढे नेते, कारण लेथ चालवायला शिकणे थोड्या दिवसांचे काम आहे आणि रेषा पाहायला शिकणे दीर्घ काळाचे. आपले पहिले लाटणे झाले की ते कपाटात मिरवू नये. घरात ज्यांच्या पोळ्या उत्तम होतात त्यांच्या हाती द्यावे, होळीच्या दिवशी वापरायला सांगावे, आणि पोट कुठे जड वाटले, मूठ कुठे रुतली हे विचारून घ्यावे. त्यांचा शब्द प्रमाण मानून दुसरे लाटणे लेथला लावावे.