उतार रेषेत नसतो

पडद्यावर दिसतो आहे तो कागद गुलमर्गच्या अफरवत पर्वताचा. संगणकाच्या हुकुमाबरहुकूम प्लॉटर यंत्राने एकच काळं पेन फिरवून त्यावर समोच्चरेषा काढल्या आहेत. नावं, वाटा, गोंडोला सगळं गाळून. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर, गोंडोलाचं वरचं स्थानक ३९००च्या आसपास. दर २० मीटरला एक, अशा मधल्या साठेक रेषा. आम्हाला पाहताक्षणी झाडाच्या बुंध्याचा आडवा छेद आठवला. चित्र देखणं आहे, यात वाद नाही. पण ते खरं आहे का?

समोच्चरेषा म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणारी रेषा. १७७४ साली स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगरावर पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग झाला. त्याचं गणित करणाऱ्या चार्ल्स हटनने उंचीच्या आकड्यांच्या जंजाळातून वाट काढायला अशा रेषा वापरल्या. म्हणजे रेषा डोंगरावर नसते. ती आपल्या बुद्धीने घातलेली असते. आणि गंमत बघा, तिच्यावरून चालणारा वर जात नाही, खालीही येत नाही. सरळ उताराने घसरणारा स्कीवाला तिला काटकोनात छेदतो. चित्र स्कीच्या डोंगराचं, आणि स्कीइंग मात्र रेषांमधल्या कोऱ्या जागेत!

ती जागा किती? कागदाचं प्रमाण १:२०,०००. उतार ३० अंशांचा असेल तर दोन रेषांत पावणेदोन मिलिमीटर, ४५ अंशांचा असेल तर एक. बर्फाचे थर बहुतेक याच दोन कोनांच्या दरम्यान सुटून हिमस्खलन होतं. जगण्या-मरण्याचा प्रश्न पाऊण मिलिमीटरमध्ये मावला की!

आता आमची तक्रार. वरच्या कड्याखाली रेषांची गर्दी होऊन शाई फुटली असती, म्हणून चित्रकाराने तिथल्या एकाआड एक रेषा गाळल्या. कागद मोकळा झाला, पण सर्वांत उभा उतार सौम्य दिसू लागला. 'हे चित्र आहे, नकाशा नव्हे' हे उत्तर आम्हाला पुरत नाही. या रेषा मनाने काढल्यात असं कळलं, तर आपण त्यांच्याकडे इतक्या विश्वासाने पाहू का? ज्या मोजमापाच्या जिवावर चित्र उभं आहे, त्यालाच ते ऐन अवघड जागी सोडून देतं.

शाई फुटू द्यायला हवी होती. तो काळा डागच या कागदावरची सर्वांत खरी जागा ठरला असता.