चपट्या कृमींच्या धड्यात काय राहून गेले?

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (भाग २, २०१८) प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे. शरीररचना, सममिती, देहगुहा असा क्रम लावल्याने तो शिकवायला सोपा जातो. चपट्या कृमींपाशी मात्र तो घाई करतो. यातले बहुतेक प्राणी अंतःपरजीवी, थोडे मुक्त आणि तेही पाण्यात, असे सांगून प्लॅनेरिया, लिव्हरफ्ल्यूक व पट्टकृमी ही उदाहरणे देऊन तो पुढे सरकतो. ओल्या जमिनीवर राहणाऱ्या आठशेंहून अधिक जाती यात राहूनच गेल्या.

ही उणीव क्षुल्लक नाही. या जातींपैकी काही गांडुळे खाऊन जगतात. बायपेलियम केवेन्स हा हातोडीसारख्या डोक्याचा कृमी घ्या. त्याचे तोंड पोटाच्या मध्यावर असते. चिकट स्रावाने गांडुळाला धरून तो घसा बाहेर काढतो आणि भक्ष्य बाहेरच पचवून शोषून घेतो. मूळचा आग्नेय आशियातला हा प्राणी १८७८ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरातून प्रथम वर्णिला गेला. तो तिथे पोचला होता कुंड्यांतल्या मातीतून! न्यूझीलंडचा असाच एक कृमी १९६३ मध्ये बेलफास्टला सापडला. त्याच्यामुळे गवताळ रानातल्या गांडुळांचे एकूण वजन सुमारे २० टक्क्यांनी घटते, असा अंदाज २०१३ साली तिथल्या संशोधकांनी मांडला.

नांदेड-लातूरच्या वर्गात हे का सांगावे? आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा कोरड्यात हे कृमी तग धरत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला घाबरवण्याचे कारण नाही. पण गांडूळखताचा वाफा आपणच वर्षभर सावलीत, ओला ठेवतो. दूरच्या रोपवाटिकेतून आलेली कुंडी त्याच्याशेजारी ठेवली, तर पाहुण्याला ओल आणि भक्ष्य दोन्ही आयते मिळते.

असा कृमी दिसला तर मुले तो काठीने तोडतील. ते टाळावे, कारण तुकड्यांतून नवे कृमी तयार होतात. उघड्या हातानेही धरू नये. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. शिवाय भारतात या गटातल्या देशी जातीही आहेत, म्हणून दिसला की मारला असेही नको. छायाचित्र, जागा आणि तारीख यांची नोंद करून जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी.

'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हे मुलांना पाठ असते. त्या मित्राला खाणारे कोण, हे धड्यात नाही. पुढच्या आवृत्तीत 'काही चपटे कृमी ओल्या जमिनीवरही राहतात' एवढे एक वाक्य तरी यावे. तोवर ते शिक्षकांनी सांगावे.